सातपुड्याचे गवत आणि जोधपूरचा गुलाब

लंडनच्या पेनहॅलिगन्स या १८७० सालापासून चालत आलेल्या सुगंधाच्या पेढीने २०१३ मध्ये ‘वारा’ नावाचे एक अत्तर बाजारात आणले. जोधपूरचे महाराजा गजसिंह यांच्या नातीच्या जन्माप्रीत्यर्थ हा सुगंध काढण्यात आला आणि तिचेच नाव त्याला देण्यात आले. बर्त्राँ द्युशोफूर या फ्रेंच सुगंधकाराने त्याची रचना केली. गुलाब, केशर, धणे आणि गाजराचे बी अशा पदार्थांतून राव जोधाने १४५९ साली वसविलेल्या त्या निळसर शहराचा, त्याच्या वाळूचा आणि बागांचा आभास एका बाटलीत उतरविण्याचा तो प्रयत्न होता. मोजक्या रसिकांसाठी थोड्या प्रमाणात काढलेल्या अशा सुगंधांना परदेशी व्यापारात ‘निश परफ्यूम’ म्हणतात. त्यांत शहरांची नावे फार चालतात. याच द्युशोफूरने २००४ मध्ये दुसऱ्या एका पेढीसाठी आफ्रिकेतील टिंबक्टूच्या नावाने अत्तर केले होते, आणि पुढे २०११ मध्ये नीला वर्मेर यांच्या पेढीसाठी ‘बॉम्बे ब्लिंग’ केले. शहर दूरचे, जुने आणि उच्चारायला गोड असले म्हणजे बाटलीची किंमत वाढते, हे या धंद्यातील जाणकारांना ठाऊक आहे.

खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली या बुलढाणा जिल्ह्यातील बाजारपेठांत जोधपूर हे नाव परके नाही. येथील अनेक ओसवाल कुटुंबांचे मूळ गाव मारवाडात आहे. लोटा-दोरी घेऊन आलेल्या पूर्वजांच्या कथा घराघरांत सांगितल्या जातात, आणि कुलदेवीच्या दर्शनाला अजूनही तिकडे जाणे होते. त्यामुळे जोधपूरच्या नावाची बाटली लंडनमध्ये विकली जाते हे ऐकून येथील एखाद्या वृद्ध गृहस्थास कौतुक वाटले तर नवल नाही. परंतु सुगंधाच्या व्यापारात बुलढाणा जिल्ह्याचा स्वतःचा एक धागा आहे, आणि तो जोधपूरच्या मार्गाने न जाता थेट गुलाबापर्यंत जातो, ही गोष्ट फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. तो धागा एका गवताचा आहे.

जिल्ह्याच्या उत्तर टोकास जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके आहेत. दक्षिणेस पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, जेथील विहिरींचे पाणी खारे म्हणून त्या भागास खारपाण पट्टा म्हणतात. आणि उत्तरेस एकाएकी उभी राहिलेली सातपुड्याची भिंत. कपाशी आणि तुरीची शेते डोंगराच्या पायथ्याशी संपतात व सागाचे, सालईचे, धावड्याचे रान सुरू होते. तेथे कोरकू, भिलाला, निहाल या आदिवासींची वस्ती आहे. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश लागतो आणि पुढे तापीकाठी बऱ्हाणपूर. अंबाबरवा अभयारण्य याच रांगेत असून ते आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे.

व्यापारी माणसास हा भाग ओळखीचा असतो तो भेंडवळच्या घटमांडणीमुळे. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून त्याभोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. त्याकडे विदर्भ-खानदेशातील कित्येक अडत्यांचे कान असतात, मग त्यावर विश्वास असो वा नसो. त्या घटाभोवती गहू, ज्वारी, तूर, सरकी यांना स्थान आहे. डोंगरावरच्या गवतास अर्थातच नाही.

पावसाळा सरताना, गणपती उठल्यानंतर, या डोंगरांच्या मोकळ्या उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत फुलोऱ्यावर येते. प्रथम हिरवट पिवळा असणारा त्याचा तुरा पुढे तांबूस होत जातो. पान बोटांत चुरगळले की क्षणभर भ्रम होतो, कारण हाताला वास येतो तो गुलाबाचा. किंचित लिंबाची आणि आल्याची धार असलेला, परंतु गुलाबाचाच. हेच रोशा गवत. मराठीत त्यास तिखाडी असेही म्हणतात, संस्कृतात ते रोहिष या नावाने ओळखले जाते, आणि सुगंधाच्या जागतिक बाजारात त्याच्या तेलाचे नाव पामरोझा आहे. जुन्या इंग्रजी वर्णनांत असे नमूद आहे की गुरे हे गवत आवडीने खातात आणि मग त्यांच्या दुधाला व लोण्यालाही त्याचा वास येतो.

या गवताच्या शास्त्रीय नावात मार्टिन हा शब्द आहे, तो लखनौच्या ला मार्टिनियर विद्यालयाचा दाता क्लॉड मार्टिन याच्यामुळे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात हा फ्रेंच सेनाधिकारी इंग्रजांच्या बाजूने दक्षिणेत गेला असता त्याने बालाघाटच्या पठारावरून या गवताचे बी आणून लखनौस लावले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने त्याचे नाव गवतास दिले. वऱ्हाडातही बालाघाट आहे, आणि बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग त्यातच मोडतो. पण मार्टिनचा बालाघाट तो नव्हे, तो कर्नाटकाकडील. नावाच्या साम्यावरून आपल्या जिल्ह्याकडे मान ओढून घेण्याचे कारण नाही.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसण्यात दोघे इतके सारखे की नुसत्या नजरेने ओळखणे कठीण. पण मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर विरळ वाढतो आणि सोफिया ओलसर जागी दाट. मोतियाचे तेल गोड व मऊ, सोफियाचे उग्र. बाजारात मान मोतियाला. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचे द्रव्य साधारणपणे पाऊणपट ते नव्वद टक्के असते, आणि गुलाबाच्या सुगंधातही हे द्रव्य एक प्रमुख घटक आहे. निसर्गाने एकच वस्तू एका ठिकाणी फुलात व दुसऱ्या ठिकाणी गवतात ठेवली. पुढे जे घडले त्याचे मूळ एवढ्याच गोष्टीत आहे.

एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड, बैतूल, एलिचपूर आणि मेळघाट या सातपुड्याच्या सलग पट्ट्यात रोशाचे तेल काढण्याच्या भट्ट्या चालत. भट्टीला इमारत लागत नसे. वाहता ओढा पाहून काठावर दगडांची चूल मांडावी, तीवर लोखंडी किंवा तांब्याची मोठी देग चढवावी, तीत पाणी घालून वर फुलोऱ्यासह कापलेले गवत दाबून भरावे आणि तोंड माती-चिंध्यांनी बंद करावे. झाकणातून पोकळ बांबूची नळी निघे व ओढ्याच्या गार पाण्यात बुडविलेल्या भांड्यात शिरे. गवतातून निघालेली वाफ तेथे थंड होऊन पाणी होई आणि त्या पाण्यावर तेल तरंगे. ते वरचेवर काढून घ्यायचे. शंभर किलो ताज्या गवतास तेल मिळे ते अर्ध्या किलोच्या आतबाहेर. नुकतीच उकळून काढलेली पेंढी वाळवून पुढच्या घाण्याला तीच जळण म्हणून वापरीत. आश्विन-कार्तिकात ओढे वाहते असेपर्यंत हा हंगाम. ओढा आटला की भट्टी उठली.

कनौजचे अत्तरवाले आजही याच तत्त्वाने काम करतात. तेथे तांब्याच्या देगेला जोडलेल्या भांड्याला भपका म्हणतात, आणि गुलाबाची किंवा मोगऱ्याची वाफ भपक्यातील चंदनाच्या तेलात जिरवितात. खरे अत्तर ते हेच. त्यात मद्यार्क नसतो, म्हणून पुष्कळ धार्मिक घरांत परदेशी फवाऱ्यापेक्षा अत्तराची कुपी पसंत केली जाते. मात्र कनौजमध्ये अत्तरातील पाण्याचा अंश उडून जावा म्हणून ते कातडी कुप्प्यांत मुरविण्याची जुनी पद्धत आहे, हेही चामड्याचा त्याग असणाऱ्या ग्राहकाने विचारून घ्यावे. कस्तुरीचा प्रश्न आता राहिलेला नाही. कस्तुरीमृग कायद्याने संरक्षित आहे आणि नव्या अत्तरांतील कस्तुरी प्रयोगशाळेत तयार होते.

सातपुड्यातील तेल मुंबईस जाई. मुंबईहून ते जहाजांनी तांबड्या समुद्रातील अरबी बंदरांकडे आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथे त्याचे नाव बदले. युरोपीय बाजारात ते ‘टर्किश जिरॅनियम’ किंवा ‘इंडियन जिरॅनियम’ म्हणून ओळखले जाई, वास्तविक जिरॅनियमच्या रोपाशी त्याचा काही संबंध नव्हता. तुर्की व्यापारी ते लिंबाच्या रसासारख्या द्रव्यांनी संस्कारित करीत आणि उथळ भांड्यांत उन्हात ठेवून त्याचा रंग फिका व वास मवाळ करीत. मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कझानलूकच्या गुलाबखोऱ्यात जाई. हे खोरे तेव्हा तुर्की साम्राज्यात होते, आज बल्गेरियात आहे. तेथे एक किलो गुलाबतेलास सुमारे तीन ते चार टन पाकळ्या लागतात. गवताच्या एका किलो तेलाला दोन-अडीचशे किलो गवत पुरते, आणि गवत डोंगरावर फुकट उगवते. या दोन आकड्यांमधील अंतर ज्याला दिसले त्याला मोह आवरणे अवघड होते.

भेसळीच्या रीतीही चतुर होत्या. तयार गुलाबतेलात गवताचे तेल ओतणे ही ओबडधोबड रीत. त्याहून सफाईदार रीत म्हणजे पाकळ्या देगेत भरण्यापूर्वीच त्यांवर गवताचे तेल शिंपडणे, म्हणजे दोन्ही एकत्र ऊर्ध्वपातित होऊन एकजीव बाहेर येत. खरेदीदारांनी त्यावर एक साधी कसोटी शोधली होती. अस्सल गुलाबतेल थंडीत गोठू लागते, त्यात पांढरट स्फटिक दिसू लागतात. गवताचे तेल तसे गोठत नाही. तेव्हा तेलाची कुपी गार करून पाहत. त्यावर भेसळ करणाऱ्यांनी उपाय काढला तो असा की, व्हेल माशाच्या डोक्यातून निघणारे मेण त्यात थोडे घालायचे, म्हणजे तेल पुन्हा गोठल्यासारखे दिसे. जैन वाचकास येथे थबकावे लागते. एका वनस्पतीचा वास दुसऱ्या वनस्पतीच्या नावाने विकण्याचा खोटेपणा झाकण्यासाठी समुद्रातील एवढ्या प्रचंड पंचेंद्रिय जीवाची हत्या वापरात आली.

मग दोष कोणाचा? सातपुड्यातील भट्टीवाल्याने गवताचे तेल गवताचे म्हणूनच विकले. मुंबईच्या निर्यातदारानेही ते रोशाचे तेल म्हणूनच पिंपात भरले. नाव बदलले ते पुढे. वहीत पाहिले तर मुंबईच्या पेढीचा व्यवहार निखळ आहे. माल खरा, वजन खरे, भाव ठरलेला. पण तुर्कस्तानात इतके ‘जिरॅनियम’ कशाला लागते हे मुंबईच्या बाजारास मुळीच ठाऊक नसेल असे मानणे भोळेपणाचे होईल. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे ठेवणे हा एक आहे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा दुसरा. अस्सल वस्तूत तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू मिसळून अथवा तिच्या जागी खपवून व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. व्रताचा भंग नव्हे, तर व्रताला लागलेला डाग, असे त्याचे स्वरूप. स्वतः मिसळणारा त्यात सापडतो हे उघड आहे. मिसळणाऱ्यास जाणूनबुजून माल पुरविणारा त्यात कितपत येतो, हा प्रश्न मात्र बाजारात बसणाऱ्यास आजही पडतो. तुपाच्या व्यापाऱ्याला पडतो, हळदीच्या आणि केशराच्याही. सूत्रकारांनी ही यादी करताना राजे आणि सेनापती यांच्याइतकाच दुकानाच्या गादीवर बसलेला श्रावक डोळ्यांसमोर ठेवला होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

वऱ्हाडात या तेलापेक्षा मोठी गोष्ट घडत होती ती कापसाची. त्यामुळे गवताकडे कोणाचे लक्ष गेले नाही, हे समजण्यासारखे आहे. आगगाडीचा फाटा जळंबहून खामगावला १८७० साली गेला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्‌घाटनास जातीने आला, तो कापसासाठी. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय यावा, यातच त्या वेळच्या खामगावच्या कापूसबाजाराचे माप आहे. सरकीच्या आणि रुईच्या गाठींपुढे चार-दोन पिंपे तेलाची काय मातबरी! पुढे खामगावला चांदीचा व्यापार भरभराटला, शहरास रजतनगरी हे नाव पडले आणि तेथील चांदीची भांडी व देवालयांतील उपकरणे दूरदूर जाऊ लागली. चांदी म्हणजे खामगावची, असे शेकडो मैलांवरचा ग्राहक म्हणतो. नाव मालाला चिकटले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधायला या जिल्ह्याला बाहेर जावे लागत नाही.

रोशाला ते भाग्य मिळाले नाही. बल्गेरियाने आपल्या गुलाबतेलाचे नाव पुढे कायद्याने राखले. २०१४ पासून युरोपीय संघात ‘बल्गेरियन गुलाबतेल’ हे संरक्षित भौगोलिक नाव आहे. कनौजच्या अत्तरालाही भारतात भौगोलिक मानांकन लाभले आहे. ज्या डोंगरांच्या गवताने कझानलूकची पिंपे भरली त्यांचे नाव कोठल्याच बाटलीवर नाही. खानदेश नाही, मेळघाट नाही, जळगाव जामोद तर नाहीच. ज्या मालाचे काम दुसऱ्याच्या नावाखाली लपून राहणे हेच होते, त्याला नाव कसे मिळणार! ‘वारा’सारख्या आजच्या बाटलीत रोशा आहे असा येथे दावा नाही. आजच्या प्रयोगशाळांत तेलातील प्रत्येक घटक यंत्रावर वेगळा दिसतो, थंडीत कुपी ठेवून पाहण्याचा काळ मागे पडला. पण साध्या घरातील गुलाबाची गोष्ट वेगळी आहे. अंघोळीच्या साबणाचा गुलाब, दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी गादीसमोर लावलेल्या गुलाबाच्या उदबत्तीचा गुलाब, हे बहुधा जिरॅनिऑलचे असतात, मग ते गवतातून आलेले असो वा कारखान्यातून. तेथे गवताला कोणी खोटे म्हणत नाही. ‘गुलाबाच्या वासाची’ आणि ‘गुलाबाची’ या दोन शब्दांत जेवढे अंतर आहे तेवढे राखले म्हणजे पुरे.

शहराच्या नावाने अत्तर काढायचे तर बुलढाणा जिल्ह्याच्या वाटेवर नावांची वाण नाही. बऱ्हाणपूरहून सातपुडा उतरून, पूर्णा ओलांडून, मोताळ्याकडून अजिंठ्याच्या रांगेला भिडणारा प्रवासी रोहिणखेडला पोहोचतो. आज हे गाव लहान आहे, पण खानदेश आणि दख्खन यांच्या वाटेवरचे ते एक महत्त्वाचे ठाणे होते. १४३७ साली बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला आणि बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला. हा सेनापती मुळात बसऱ्याहून आलेला व्यापारी होता व त्याची पदवी होती ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. तेथील १५८२ सालची मशीद अजून उभी आहे. बऱ्हाणपूर तर सुगंधाच्या कथेत अगदी जवळचे. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल तेथेच निवर्तली आणि प्रथम तापीपलीकडच्या बागेत तिचे दफन झाले. पॅरिसच्या गेर्लें पेढीने १९२५ च्या प्रदर्शनात ज्याचा गाजावाजा केला ते ‘शालिमार’ अत्तर शाहजहान-मुमताजच्या प्रेमकथेवर आणि बादशाही बागेच्या नावावर विकले गेले, आजही विकले जाते. त्या कथेतील दुःखाचा भाग बऱ्हाणपूरचा; बाटलीवर नाव बागेचे. डोंगराच्या एका बाजूस ती कबर आणि दुसऱ्या बाजूस गुलाबाच्या वासाचे गवत, एवढी जवळीक खरी. पुढची कथा विक्रेत्यांनी हवी तशी रचावी.

घाट चढून बुलढाणा शहराच्या थंड हवेतून चिखलीमार्गे दक्षिणेस उतरले की सिंदखेड राजा लागते. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा वाडा, पुतळा बारव, मोती तलाव. रंगपंचमीच्या दरबारात बाल जिजाऊ आणि शहाजी यांनी एकमेकांवर रंग उधळल्याची कथा येथील रंगमहालाशी जोडून सांगतात. त्या दरबाराचा वास गुलालाचा, अबीराचा, पानसुपारीबरोबर फिरणाऱ्या अत्तरदाणीचा आणि गुलाबदाणीचा असला पाहिजे. जुन्या मराठी दरबारात निरोपाच्या वेळी अत्तर-गुलाब देण्याची रीत होती. येथील व्यापारी घरांतील लग्नाच्या पंगतीत परवापर्यंत ती दिसे.

लोणारला मात्र कोणी अत्तर काढण्याच्या भरीस पडू नये. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या त्या उल्काविवरात खाली उतरताना दाट झाडीचा ओला वास येतो, पाणवठ्याच्या काठाशी चिखलातून गंधकाचा सडका दर्प. तळ्याच्या खाऱ्या पाण्यातून पूर्वी सोडाखार निघे आणि त्याच्या प्रतीनुसार दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. साबण, काच आणि पापडखार यांसाठी तो जाई. ऐन-ई-अकबरीनेही लोणारच्या काच आणि साबणाच्या मालाची नोंद घेतली आहे. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा जगभर छायाचित्रे गेली. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. रंग गुलाबी, पण वास तोच जुना.

उत्तरेकडच्या गवताचे पुढे काय, हा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. अभयारण्याच्या आतील गवत कापण्याचा प्रश्नच येत नाही, आणि येऊही नये. तेथील प्रत्येक तुऱ्यावर कोणाचे तरी पोट आहे. मात्र पामरोझा शेतात घेता येतो. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने त्याच्या सुधारित जाती दिल्या आहेत, २०१७ पासून सुगंधी पिकांसाठी अरोमा मिशन चालू आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम होते. एकदा लावले की चार-पाच वर्षे उभे राहणारे, हलक्या जमिनीत व बेताच्या पाण्यावर येणारे, वर्षाला तीन-चार कापण्या देणारे असे हे पीक आहे. शेतात वाढलेल्या त्याच्या ताटांकडे रानडुकरे आणि रोही सहसा फिरकत नाहीत, असा अनुभव सांगितला जातो. डोंगरालगतच्या ज्या शेतकऱ्याचा मका आणि हरभरा रात्रीतून खाल्ला जातो, त्याला एवढे एक कारण पुरेसे वाटू शकते.

अडचण तेल काढण्याची आहे. कापलेले गवत दूर वाहून नेण्यात भाड्याचाच पैसा जातो, म्हणून भट्टी पंचक्रोशीत हवी, आणि एका शेतकऱ्याच्या दोन एकरांवर भट्टीचे भांडवल निघत नाही. दहा-पंधरा जणांनी एकत्र यावे, कापणीच्या पाळ्या ठरवाव्यात, आणि खरेदीदार आधी पाहून ठेवावा, तेव्हा कोठे हिशेब जुळतो. कर्ज देणारा येथे पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न पिकाचा नसतो; तेल कोण घेणार आणि कोणत्या कसोटीवर घेणार, हा असतो. जिरॅनिऑलचे प्रमाण दाखवणारा प्रयोगशाळेचा दाखला पिंपासोबत असला तर भाव मिळतो, नसला तर दलाल सांगेल तो भाव. येथे खामगाव-मलकापूरच्या व्यापाऱ्याला काम आहे. वजन, प्रत, दाखला आणि पैसे वेळेवर, या चार गोष्टींची साखळी शेतकऱ्याला एकट्याने उभी करता येत नाही. कापसाच्या बाबतीत ती येथल्याच पेढ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी उभी केली होती.

आणि पिंपावर नाव कोणते लिहायचे, हेही तेथेच ठरेल. ‘सातपुडा रोशा, तालुका जळगाव जामोद’ असे लिहिलेला डबा एखाद्या पॅरिसच्या सुगंधकाराच्या फडताळात गेला, तर तो त्यातून गुलाब करील की आणखी काही, हा त्याचा प्रश्न. डब्यावर गवत म्हणून गवत लिहिलेले असेल.

दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात डोंगरावरचे तुरे तांबूस होऊन झडू लागतात. या दिवसांत जळगाव जामोदहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या वाटेवर घाटात गाडीची काच खाली करावी. सकाळी दव असेपर्यंत वास येतो, ऊन चढले की जातो.